चंद्रभागा की भीमा? पंढरपूरकरांना भूगोल शिकवणाऱ्यांसाठी

घाटावरचा:
काल एका महाशयांची पोस्ट फिरत होती: 'पंढरपुरात चंद्रभागा नावाची नदीच नाही, ती भीमा आहे. भोळ्या वारकऱ्यांची फसवणूक थांबवा.' अहो, फसवलं कुणी? भीमाशंकरला उगम, तुळापूरला इंद्रायणी, रांजणगाव सांडसला मुळा-मुठा, नरसिंहपूरला नीरा, एवढं पोटात घेऊन ती येते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गावाशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तेवढ्यापुरती चंद्रभागा. आणि 'युगे अठ्ठावीस' म्हणता ना? त्यात 'चरणी वाहे भीमा' आहे, अन् आषाढी-कार्तिकीचं स्नान मात्र चंद्रभागेत. नामदेवांचं अडलं नाही, तुमचं का अडतं?

नकाशेवाला:
आरती हा पुरावा झाला का? उजनी धरणाचं सरकारी नाव 'भीमा प्रकल्प'. खाली गाणगापूरलाही भीमाच. एका गावाच्या हौसेसाठी नदीचं बारसं पुन्हा कशाला?

दर्यापूरकर:
मधेच बोलतो. चंद्रभागा नावाची अख्खी नदी आमच्या अमरावती जिल्ह्यात आहे, पूर्णेला मिळते. नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, 'पंढरपूरची का?' विदर्भाची नदीसुद्धा पश्चिम महाराष्ट्राच्या खात्यावर!

टेंभुर्णीकर:
नाव काही का असेना, आत आहे काय ते बघा. पुणं, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी उजनीत, तेच पुढं वारकऱ्याच्या तोंडात. आणि नदीच्या वाळवंटात वाळूचोरांनी केलेले खड्डे! गुडघाभर पाणी म्हणून पाय टाकावा तर माणूस गळ्यापर्यंत आत. माझा चुलता तिथं बुडता बुडता वाचला. त्याला विचारा, भीमेत बुडत होता की चंद्रभागेत.

इंदापूरकर:
सांडपाणी ना? मग २०२१ साली त्याच सांडपाण्याच्या नावावर उजनीतून इंदापूरला ५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी द्यायचं ठरलं तेव्हा सोलापूरवाले रस्त्यावर का उतरले? निर्णय मागे घ्यायला लावलात. आजोबांची काळी जमीन धरणात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तेव्हा वडील काठावर उभं राहून 'आपला बांध त्या अंगाला' म्हणून हात करतात. आणि पाणीचोर आम्ही!

टेंभुर्णीकर:
जमिनी आमच्या माढा-करमाळ्याच्याही गेल्या, रडगाणं एकट्याचं नाही. वापरायचा साठा संपून धरण उणे पातळीत गेल्यावर आमचा ऊस कशावर जगवायचा? तुमच्या भाषणावर?

घाटावरचा:
धागा नावाचा आहे रे बाबांनो! बरं, उजनी निघालीच आहे तर ऐका. पावसाळ्यात सोडता तेव्हा जुना दगडी पूल पाण्याखाली आणि पुंडलिकाच्या देवळाला वेढा. तेव्हा कुठं असते तुमची काटकसर?

इंदापूरकर:
प्रत्येक पुराचं खापर उजनीवर फोडू नका. नीरा मिळते उजनीच्या खाली. नीरेवरच्या वीर धरणातून सोडलेलं पाणी उजनीला न विचारता थेट तुमच्या घाटावर येतं. नकाशा बघा जरा.

घाटावरचा:
हे मात्र खरं. पण पाणी घरात शिरलं की माणूस बिल मागत नाही, उजनीचं किती नि वीरचं किती.

नकाशेवाला:
चला, नकाशाची आठवण झाली कुणाला तरी! मान्य, वळणापुरती चंद्रभागा. आता ती नदीतल्या विष्णुपद मंदिराच्या अलीकडे सुरू होते की पलीकडे, तेवढा दगड रोवून द्या, म्हणजे आम्ही पामर चुकणार नाही.

इंदापूरकर:
दगड सावकाश रोवा. ५ टीएमसीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.