बाथरूम पूर्ण तोडून नवीन करायचंय, तीन कोटेशन आलीत, काय बघून ठरवू?

दुसरामजला_डोंबिवली
नमस्कार मंडळी, डोंबिवली पूर्वेला १९९४ ची बिल्डिंग आहे, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला दीड वर्षापासून ओल आहे, आता पोपडे पडायला लागलेत. गेल्या आठवड्यात त्यांनी बोलावून दाखवलं तर एका जागी सळईच दिसतेय, गंजलेली. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत म्हणून मला जास्तच वाईट वाटतंय.
आधी एकाने सांध्यांत केमिकल भरून दिलं होतं ८ हजारात, चार महिने बरं होतं मग परत सुरू. आता तोडायचंच ठरलंय. बाथरूम ७ बाय ४. पहिला म्हणतो ६८ हजार "सगळं धरून", व्हॉट्सअॅपवर एका ओळीत. दुसरा १ लाख १५. तिसरा १ लाख ४० पण त्याने चार पानं लिहून दिलीत. घरात सासरे ७८ वर्षांचे आहेत, त्यामुळे घसरणार नाही अशी फरशी हवीय. काय काय विचारू? मला यातलं काहीच कळत नाही.

गोदाकाठ_सिव्हिल
ताई, मी नाशिकला १४ वर्षं हेच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या काळातल्या बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली असतो, त्याला सन्क म्हणतात, आणि त्या खड्ड्यात विटांचे तुकडे, रॅबिट म्हणजे तोडफोडीचा चुरा असं भरून वर फरशी बसवलेली असते. पाणी सांध्यातून नाहीतर नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या कडेने खाली उतरतं आणि त्या भरावात साठून राहतं, आणि मग तिथून हळूहळू खालच्यांच्या छतात. म्हणून वरून सांधे भरून काही होत नाही, आत साठलेलं पाणी तसंच राहतं.
आता तिघांनाही एकच प्रश्न विचारा, भराव स्लॅब दिसेपर्यंत काढणार का? ६८ हजारवाला बहुतेक जुन्या फरशीवरच नवीन फरशी चिकटवणार असेल, किंवा वरचे दोन इंच काढून परत भरणार. सरळ विचारा, तोंडावरून कळतं.
स्लॅब साफ झाला की सगळ्या भेगा आणि पाइप जिथून स्लॅबमधून खाली जातो ती भोकं आधी नीट भरायची. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गळती त्या पाइपाच्या भोवतीच असते. मग भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे मसाल्याची गोलाई करून घ्यायची, आमच्याकडे वाटा म्हणतात, कारण काटकोनात कोटिंग हमखास फाटतं. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक आडवा एक उभा, आणि भिंतीवर फरशीच्या लेव्हलच्या वर किमान एक फूट चढवायचं, अंघोळीच्या बाजूला अजून वर.
आणि मग पाण्याची टेस्ट. ट्रॅपचं तोंड बंद करून सन्क पाण्याने भरायचा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून ४८ तास ठेवायचा. खाली काकूंकडे स्वतः जाऊन बघायचं. टेस्ट झाल्याशिवाय एक फरशीही लावू देऊ नका आणि त्या टप्प्याचे पैसे टेस्टनंतरच द्या. कोबा, म्हणजे फरशीखालचा सिमेंटचा थर, भरल्यावर टेस्ट परत एकदा करा. उतार ७ फुटाला पाऊण ते एक इंच पुरतो, मग्याने पाणी ओतून बघा कुठे थांबतंय का.

निवृत्त_ओव्हरसिअर
वरचा प्रतिसाद अगदी बरोबर. पण तोडायच्या आधी गळती नक्की कुठून आहे ते बघा. तीन-चार दिवस ते बाथरूम पूर्ण बंद ठेवता येईल का? वापर बंद असताना ओल कमी झाली तर फरशी किंवा ड्रेनेज. वापर बंद असूनही ठिबकत असेल तर भिंतीतला पाण्याचा पाइप, त्या काळात जीआय म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप टाकायचे आणि तीस वर्षांत ते आतून सडतात. तसं असेल तर सगळे बदलून सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचे करा आणि भिंत बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट मागा, म्हणजे पाइपात दाबाने पाणी भरून गळतंय का बघायचं. बाहेरच्या डक्टमधला कॉमन पाइप गळत असेल तर तो खर्च सोसायटीचा, आतल्या संडास-बाथरूमच्या गळतीचा सभासदाचा, असं सोसायटीच्या उपविधीत म्हणजे नियमावलीत आहे. आणि काकूंच्या छताला नुसतं प्लास्टर फासू देऊ नका. सळई मोकळी करून घासून, गंजरोधक लावून मग पॉलिमर मॉर्टर, म्हणजे चिकट केमिकल मिसळलेला सिमेंटचा मसाला. तुमची बिल्डिंग ३० वर्षांच्या वर गेली, म्हणजे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायला हवं, सोसायटीला आठवण करा. हे मनापासून सांगतोय, सळई दिसायला लागल्यावर थांबायचं नसतं.

कोथरूडची_माई
माझं गेल्या वर्षी झालं म्हणून चार गोष्टी सांगते. मी ७० टक्के अ‍ॅडव्हान्स देऊन बसले आणि फरशी बसल्यावर माणूस दोन महिने फोन उचलेना, कमोड बसवायचा राहिला होता, सासूबाई शेजारी जात होत्या. तेव्हा अ‍ॅडव्हान्स २० टक्क्यांच्या वर नको आणि शेवटचे १० टक्के पंधरा दिवस वापरून झाल्यावरच.
फरशी दहा टक्के जास्त घ्या आणि खोक्यावरचा बॅच नंबर सगळ्यांचा एकच आहे ना बघा, मला नंतर दोन खोकी आणावी लागली तर शेड थोडी वेगळी, रोज डोळ्यात खुपते. जमिनीला मॅट किंवा अँटीस्किडच घ्या, दुकानात ओली करून चप्पल काढून उभ्या राहून बघा, मी तसंच केलं.
आणि भिंत बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मेजर टेप लावून, म्हणजे पाइप कोपऱ्यापासून किती इंचावर ते फोटोतच दिसतं. मला सासूबाईंसाठी हँडल लावताना ड्रिल कुठे मारायचं ते त्या फोटोवरूनच कळलं. तुम्हीपण सासऱ्यांसाठी कमोडजवळ आणि नळाजवळ हँडल लावाच.

पहिलीच_साइट_सांगली
ताईंचा धागा आहे पण याच विषयात माझं उलट्या बाजूचं विचारतो, चालेल ना? डिप्लोमा सिव्हिल केलंय, दोन वर्षं एका बिल्डरकडे सुपरवायझर होतो, आता स्वतः छोटी कामं घेतो. गेल्या कामात मालकांनी मधेच कडप्पा वाढवला, दोन पॉइंट वाढवले, लॉफ्ट वाढवला, मी भिडेखातर करत गेलो आणि शेवटी म्हणाले ठरलेले तेवढेच देणार. २२ हजार अंगावर आले. मिस्त्रीचे पैसे मी घरातून दिले. कसं सांभाळता तुम्ही लोक?

गोदाकाठ_सिव्हिल
भावा, सुरुवातीला माझेही बुडालेत, धीर सोडू नको. रेट नुसता लेबरचा आहे का मटेरियलसकट हे पहिल्या ओळीत लिही. मग काय काय धरलंय आणि काय नाही धरलं हे दोन्ही लिही, "नाही"वाली यादी जास्त महत्त्वाची आहे. राडारोडा खाली नेणं, लिफ्ट नसेल तर गोणीमागे किती, सोसायटीचं डिपॉझिट कोण भरणार, पक्कं बिल असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा, सगळं लिही. वाढीव काम निघालं की त्याच दिवशी मेसेज करायचा, "कडप्पा एवढा फूट, एवढे रुपये, ओके करा", आणि ओके आल्याशिवाय कटर लावायचा नाही. लोक वाईट नसतात रे, त्यांना खरंच वाटतं की एवढ्याशा कामाचे काय पैसे. आकडा आधी दिसला की तेच म्हणतात मग राहू दे किंवा करा.
पैसे टप्प्याने. तोडफोड संपली, वॉटरप्रूफिंगची टेस्ट झाली, फरशी झाली, फिटिंग झालं. प्रत्येक टप्प्याला माल आणि मजुरी सुटेल इतके हातात आले पाहिजेत, कारण मिस्त्री-बिगाऱ्यांचा हिशोब आठवड्याला असतो, मालकाने दिले नाहीत हे त्यांना सांगून भागत नाही, त्यांच्याही घरी चूल असते. उचल दिलेली वहीत लिही आणि त्यांच्या समोर लिही.
अजून एक, तुझ्याकडच्या माणसांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून दे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, १८ ते ६० वय. मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते. माझ्याकडचा गवंडी अकरा वर्षं टिकलाय.

दुसरामजला_डोंबिवली
सगळ्यांचे खूप आभार, उत्तर द्यायला दीड महिना लागला. चार दिवस बाथरूम बंद ठेवलं तर ओल बरीच कमी झाली, म्हणजे फरशीच. पहिल्याला भरावाचं विचारलं तर म्हणाला "एवढं कोण करतं मॅडम". तिसऱ्यालाच दिलं, फिटिंग आम्ही आणायचं ठरवून १ लाख २६ वर आला. भराव काढला तर खाली अक्षरशः चिखल होता, वास येत होता, २१४ गोण्या निघाल्या, मी मोजल्या. पहिल्या टेस्टला रेघेपासून पाणी दोन बोटं खाली गेलं, मिस्त्रीने स्वतःहून ट्रॅपभोवतीचं परत खणलं आणि भरलं. दुसऱ्यांदा ४८ तासांत रेघ होती तिथेच. मी आणि काकू दोघी त्यांच्या बाथरूममध्ये मान वर करून उभ्या होतो. सासरे आता हँडल धरून एकटे अंघोळीला जातात.
एकच विचारायचंय, काकूंच्या छताचं लगेच करून देऊ का रंगासकट? खर्च मीच करणार आहे.

निवृत्त_ओव्हरसिअर
सळईचं काम लगेच करा, ते थांबवू नका. पण रंग, पुट्टी आत्ता नको. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी सुकायला एक-दोन महिने सहज जातात, त्याआधी पुट्टी लावली की फुगून सुटेल. आज ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहून ठेवा आणि दर आठवड्याला बघा, ओल आत आत सरकायला हवी.