आईच्या अस्वलाची काख उसवली आहे, काय करू?

आईच्या लहानपणचं अस्वल आहे, भुऱ्या. डाव्या काखेतून लाकडाचा भुसा गळतोय, एक डोळा गेलाय. नाक मात्र आजीनं काळ्या लोकरीनं भरलेलं आहे, वाकडंच, त्याला हात लावायचा नाहीये. लेक दोन वर्षांची, तिला द्यायचंय. मशीनमध्ये धुऊ का?

प्रतिसाद १
मशीन नकोच! भुसा भिजला की फुगतो, आत ओल राहते, बुरशी धरते. मऊ ब्रशनं धूळ झटका, मग घट्ट पिळलेल्या फडक्यानं वरवर पुसा. कसर लागल्याची शंका असेल तर पिशवीत हवाबंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी घरातल्या हवेइतकी उबदार होऊ द्या, नाहीतर अंगावर पाणी धरतं.

प्रतिसाद २
काखेला दुहेरी दोरा घ्या. दोन्ही कडा आत दुमडा, एक टाका या घडीतून, एक समोरच्या, शिडीच्या पायऱ्यांसारखे. चार-पाच टाके सैल घालून मग हलकेच ओढा, दोरा दिसतसुद्धा नाही. कापड विरलं असेल तर आतून जुन्या सुती साडीचा तुकडा लावा. दोन वर्षांच्या मुलीसाठी बटणाचा डोळा नको, तोंडात जातो. दोऱ्यानं भरा. उरलेला डोळाही ओढून बघा.

मूळ प्रश्नकर्ती
काल रात्री काख शिवली. आतून आईच्या निळ्या साडीचा तुकडा लावलाय. उरलेला डोळा सैलच होता, काढून डबीत ठेवला. नवे दोन्ही तपकिरी दोऱ्यानं भरतेय. आई शेजारी बसून सांगतेय, "थोडा खाली घे, तो खाली बघायचा."