मदत हवी आहे: जुनी व्ही-६ एसयूव्ही गरम झाली की आयडलला मिसिंग करते, पी०३०४ कोड जातच नाही

मंडळी, तीन आठवडे एकाच ठिकाणी अडकलोय. थोडं सविस्तर लिहितो, अर्धवट माहितीवर तुम्ही तरी काय सांगणार?

गाडी २००६ सालची पेट्रोल एसयूव्ही आहे. साडेतीन लिटरचं व्ही-६ इंजिन, आडवं बसवलेलं, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी), ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २,१४,००० किलोमीटर झालेत. टायमिंग बेल्ट वेळेवर बदललाय, ऑइल कधी चुकवलेलं नाही. आईची व्हीलचेअर न दुमडता मागे चढते अशी घरातली ही एकच गाडी, त्यामुळे 'विकून टाका' हा सल्ला कृपया नको.

सकाळी थंड असताना एका सेल्फात सुरू होते आणि आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) अगदी शांत चालते. दहा-बारा किलोमीटर गेलं, तापमानाचा काटा मध्यावर स्थिरावला, की सिग्नलला मिसिंग, म्हणजे मधूनच एक सिलिंडर न पेटणं, सुरू होतं. पाय ब्रेकवर, गिअर डी मध्ये, आरपीएम ६५०, आणि सीटला खालून बारीक धक्का बसत राहतो. काटा जागचा फारसा हलत नाही, पण स्टीअरिंगवर हात ठेवला की लगेच कळतं. मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडासमोर तळहात धरला तर हवा एकसारखी येत नाही. चार-पाच फुंकरी लागोपाठ येतात, मग एक गाळलेली. २,००० आरपीएमच्या वर काहीच जाणवत नाही, पिकअप पूर्वीसारखाच आहे.

चेक इंजिनचा दिवा पेटलेलाच असतो. दोनदा तो लुकलुकायला लागला, तेव्हा गाडी बाजूला घेऊन बंद केली. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तो तापून निकामी होऊ शकतो, एवढं मला माहीत होतं.

कोड आधी पी०३०० होता, म्हणजे कुठलाही एक सिलिंडर नक्की नाही. नंतर पी०३०४, म्हणजे ४ नंबर सिलिंडरचं मिसिंग, आला आणि तोच टिकला. जोडीला पी०१७४, म्हणजे बँक २ (सिलिंडरची दुसरी रांग) लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. माझ्या इंजिनात १-२-३ मागच्या बाजूला (बँक १) आणि ४-५-६ पुढे (बँक २) आहेत. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनचा संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) गरम आयडलला बँक १ वर +३ टक्के, बँक २ वर +१८ टक्के.

आतापर्यंत केलेलं: ४ ची कॉइल ६ वर आणि ६ ची ४ वर बसवली, कोड ४ वरच राहिला. प्लग ५ शी बदलून पाहिला, तरी ४. प्लगच्या विहिरीत ऑइल नाही, पोर्सेलीनवर काळी रेघ नाही. इंजेक्टरसाठी वरचं इनटेक काढावं लागलं. ४ आणि ६ ची अदलाबदल केली, तरीही ४. वायरिंगच्या कनेक्टरवर व्होल्टेज बरोबर येतंय. फ्युएल प्रेशर मॅन्युअलप्रमाणे. कूलंट कमी होत नाही, पांढरा धूर नाही. एका गॅरेजने सहाही कॉइल बदला म्हणून सांगितलं, तसं मी केलं नाही. दुसऱ्याने पी०१७४ पाहून इनटेक गॅस्केट बदललं आणि इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधायची स्मोक टेस्टही केली. धूर कुठूनही बाहेर आला नाही आणि मिसिंगमध्येही फरक पडला नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मीच मोजलं: पाच सिलिंडर ११.५ ते १२ बार, ४ नंबर ११ बार. म्हणजे ठीकच म्हणायचं ना?

आता इसीएम (इंजिनचा संगणक) बदला असं सुचवताहेत. त्याआधी आणखी काय तपासू?

प्रतिसाद

इसीएमला हात लावू नका. तो फक्त चौथ्याच सिलिंडरसाठी, तेही फक्त गरम झाल्यावर बिघडेल ही शक्यता फार कमी. बॅटरीपासून इंजिनकडे जाणारी अर्थिंगची पट्टी मात्र एकदा सोडवून, घासून, घट्ट बसवा. खर्च नाही आणि पाच मिनिटांचं काम आहे.

प्रतिसाद

पी०१७४ च्या मागे फार धावू नका, इथे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालंय. ज्या सिलिंडरमध्ये मिश्रण जळलंच नाही, त्यातला ऑक्सिजन जसाच्या तसा एक्झॉस्टमध्ये जातो. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन कळतो. त्याला वाटतं मिश्रण लीन आहे, मग इसीएम त्या पूर्ण बँकेला जास्त पेट्रोल देत सुटतो. म्हणजे तुमचे ५ आणि ६ बिचारे विनाकारण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालताहेत. ४ च्या रनरवर (त्या सिलिंडरच्या हवेच्या नळीवर) गॅस्केट गळत असतं तरी असाच आकडा दिसला असता, म्हणून गॅरेजवाल्याचा तर्क चूक नव्हता. पण नवं गॅस्केट आणि स्वच्छ स्मोक टेस्ट यानंतर ती शंका संपली. मिसिंग गेलं की ट्रिम आपोआप खाली येईल.

प्रतिसाद

एक प्रश्न: कॉम्प्रेशन थंड इंजिनवर मोजलं की गरम?

धागाकर्ता

थंड. रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी होती.

प्रतिसाद

मग पाणी कुठे मुरतंय ते तिथे दिसणारच नाही. तक्रार गरम झाल्यावरची आहे, तर मापही गरम असतानाच घ्यायला हवं. पंधरा किलोमीटर चालवून आणा, पण धगधगत्या अ‍ॅल्युमिनियम हेडमधून लगेच प्लग ओढू नका, आटे जातील. दहा मिनिटं थांबा, हातमोजे घाला, प्लगच्या विहिरीत हवा मारा म्हणजे कचरा आत पडणार नाही. इंजेक्टरचा फ्यूज काढा, सहाही कॉइलचे कनेक्टर काढा, सहाही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच, सहा-सात स्ट्रोक द्या. ४ कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

माझा संशय टाइट टॅपेटवर, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली गॅप कमी झाल्यावर, आहे. तुमच्या इंजिनात स्क्रू आणि लॉकनटचे रॉकर (गॅप हाताने लावायची) आहेत की हायड्रॉलिक लिफ्टर (गॅप आपोआप सांभाळणारे)?

धागाकर्ता

स्क्रू आणि लॉकनट. पण टॅपेटचा आवाज अजिबात नाही हो, इंजिन एकदम शांत आहे. म्हणूनच त्या बाजूला मी पाहिलंच नाही.

प्रतिसाद

शांत आहे म्हणूनच पाहा. टॅपेट सैल झाला की टकटक वाजतो आणि सगळे लक्ष देतात. टाइट झाला की गप्प बसतो. लाखो किलोमीटर चालल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो, त्याचं वरचं टोक रॉकरकडे सरकतं आणि गॅप कमी होते. थंड असताना थोडी गॅप शिल्लक असते म्हणून चालतं. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, गॅप शून्य होते आणि व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही. आयडलला प्रत्येक स्ट्रोकला वेळ जास्त मिळतो, तेवढ्यात कॉम्प्रेशन गळून जातं. २,००० च्या वर गळायला वेळच मिळत नाही. तुमची लक्षणं याला अगदी जुळतात. आणि घाई करा, कारण व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवाटे बाहेर टाकतो. तो टेकलाच नाही तर कड जळते, आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

धागाकर्ता (चार दिवसांनी)

गरम कॉम्प्रेशन घेतलं. पाच सिलिंडर ११.८ ते १२.२ बार. ४ नंबर ७.२! गेजवर माझा विश्वासच बसेना, म्हणून दुसऱ्यांदा घेतलं, तेच आलं. ऑइल टाकून ७.४, म्हणजे रिंगा नाहीत. मग लीकडाउन टेस्टचं यंत्र मागून आणलं. पिस्टन वर आणून, सगळे व्हॉल्व्ह बंद असताना हवा भरली: ३५ टक्के गळती. ऑइल फिलरच्या तोंडाशी आवाज नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, इनटेकमध्ये शांत. सायलेन्सरच्या तोंडाशी कान नेला आणि तिथे स्पष्ट फुसफुस ऐकू आली.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं आणि सकाळी पुढच्या बँकेचं कव्हर उघडलं. मॅन्युअलमध्ये एक्झॉस्टची गॅप ०.२८ ते ०.३२ मिलीमीटर दिली आहे. ४ च्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ०.२६ निघाली, शेजारच्याला फीलर गेजची ०.१० ची पाती शिरेचना. ०.०५ ची पाती, केसासारखी, अडकत अडकत कशीबशी गेली. मी ती हातात धरून बराच वेळ तिथेच उभा होतो. तीन आठवडे शोधत होतो ते एवढंसं होतं.

कव्हर उघडलंच होतं म्हणून सगळे मोजले. पुढच्या बँकेत आणखी दोन एक्झॉस्ट ०.२२ च्या आसपास होते, इनटेक सगळे मर्यादेत. सगळ्या एक्झॉस्टना ०.३० गॅप दिली. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून प्रत्येक वेळी आवळल्यावर पुन्हा पाती घालून पाहिली. दोन ठिकाणी परत करावं लागलं. कव्हरचं गॅस्केट नवं घातलं. मागच्या बँकेचं कव्हर उघडायला इनटेक काढावं लागतं, ते पुढच्या रविवारी.

प्रतिसाद

छान काम केलंत. आता गरम करून पुन्हा लीकडाउन घ्या. व्हॉल्व्हची कड जळली असेल तर गॅप देऊनही गळती राहील.

धागाकर्ता

आजच घेतली. गरम कॉम्प्रेशन ४ ला ११.२, लीकडाउन १२ टक्के. बाकीचे ८ ते १० मध्ये आहेत, म्हणजे सीटवर थोडी खूण राहिली असावी. कोड पुसून दोन दिवसांत १४० किलोमीटर चालवली, त्यात गर्दीतले सिग्नल भरपूर होते. पी०३०४ आला नाही, स्कॅनरवर ४ चा मिसफायर काउंट शून्य, बँक २ ची ट्रिम +१८ वरून +४ वर आली. आई काल मागे बसली होती, सिग्नलला म्हणाली, "बंद पडली का रे गाडी?" चालूच होती.

ज्यांनी गरम की थंड हे विचारलं, त्यांचे मनापासून आभार. अजून कुणी या अवस्थेतला व्हॉल्व्ह पुढे चालवला असेल तर सांगा, १२ टक्के वाढत जातात का? मी ५,००० किलोमीटरला कव्हर उघडून तोच व्हॉल्व्ह पुन्हा मोजणार आहे, आकडा इथेच लिहीन.