मदत हवी आहे: प्रार्थनेच्या भरवशावर भाचीचं इन्सुलिन कमी केलंय

मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. माझा दादा भांडुपला राहतो. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला दिवाळीनंतर टाइप 1 मधुमेह निघाला. ॲडमिट केलं, इन्सुलिन सुरू झालं, सुई द्यायला दादा-वहिनी दोघंही शिकले. सगळं सुरळीत होतं.

मग दोघं एका प्रार्थना मंडळात जायला लागले. नेमकी त्याच सुमारास पोरीची साखर आटोक्यात राहू लागली, डोस कमी करावा लागला. टाइप 1 मध्ये पुष्कळ मुलांचं असं होतं. इन्सुलिन मिळू लागल्यावर स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशी थोड्या सावरतात आणि काही आठवडे-महिने बाहेरून कमी इन्सुलिन पुरतं. डॉक्टर त्याला हनिमून फेज म्हणतात. तो काळ संपतोच, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. पण मंडळात पोरीला सगळ्यांसमोर उभं करून 'गुण आला' असं जाहीर केलं, आणि तिथून सगळं फिरलं.

आता फक्त रात्रीची सुई देतात. जेवणाआधीच्या बंद. ती इन्सुलिनची पेनं फ्रीजच्या दारात, मिरच्यांच्या पिशवीशेजारी, सील न फोडता पडून आहेत. ग्लुकोमीटरला हात लावायचा नाही, आकडा बघितला म्हणजे शंका घेतली! पोरगी वाळलीय, घटाघटा पाणी पिते, रात्री सारखी लघवीला उठते. परवा हळूच मला म्हणाली, "आत्या, मी नीट प्रार्थना करत नाही का गं?" काय उत्तर द्यायचं सांगा.

दादा-वहिनी वाईट नाहीत, तिच्यासाठी रात्र रात्र जागतात. प्रार्थना सोडा असं मीही म्हणत नाही, सुईसोबत करा एवढंच म्हणतेय. 2008 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला 11 वर्षांची मुलगी अशीच मधुमेहाने गेली. आईवडील नुसती प्रार्थना करत राहिले, पुढे कोर्टाने दोघांनाही दोषी धरलं. हे दादाला दाखवलं तर म्हणाला, त्यांचा विश्वास कमी पडला.

1098 वर, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर, कुणी फोन केलाय का? प्रकरण बालकल्याण समितीकडे जातं, इथवर मला कळलंय. पोरगी घरीच ठेवून उपचार सक्तीचे करा, असा आदेश समिती देते का, की मूल उचलूनच नेतात? 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, कुत्रा, विंचू चावल्यावर उपचार घेऊ न देणं हा गुन्हा आहे. मधुमेहाला तो लागू होईल का? वकील मंडळींनी कृपया सांगावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांचं मूल टाइप 1 आहे आणि घरात देवाधर्माचं कडक आहे, अशी कुणी आई वहिनीशी बोलेल का? डॉक्टरांचं ती ऐकेनाशी झालीय, एखाद्या आईचं ऐकेल असं वाटतं.

उलट्या, पोटदुखी, धाप, गुंगी यातलं काहीही दिसलं तर कुणाला न विचारता तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेणार, हे वहिनीला सांगून ठेवलंय. तिथवर वेळ येऊ द्यायची नाहीये. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.