कँटन फेअरवाल्यांसाठी: हुआंगपू नक्की कुठलं?

सचिन (ए-४०३): एप्रिलच्या कँटन फेअरला, म्हणजे ग्वांगझूच्या व्यापार प्रदर्शनाला, आपल्या विंगमधले तिघं जातोय. एक दिवस मोकळा आहे. ग्वांगझूच्या कडेला हुआंगपू म्हणून जुना भाग आहे ना, मुंबईची जहाजं लागायची तो? कसं जायचं? मॅपवर टाकलं तर शांघाय दाखवतंय 😅

मेघना (सी-७०१): सचिन, हुआंगपू दोन आहेत. शांघायच्या मधोमध एक, ग्वांगझूच्या पूर्वेला एक. चिनी लिपीत दुसरं अक्षर वेगळं असतं, रोमन स्पेलिंग मात्र सारखंच. त्यामुळे हॉटेल बुक करताना आधी शहर बघा, मग नाव. शिवाय हाँगकाँगला व्हाम्पोआ नावाचं मेट्रो स्टेशन आहे, तेही हे नव्हे.

जोशी काका (बी-२०२): हाँगकाँगच्या स्टेशनचं नाव १८६३ च्या गोदी कंपनीवरून आलं. व्हाम्पोआ म्हणजे हुआंगपूच, जुना इंग्रजी उच्चार.

मेघना (सी-७०१): आणि तिसरा घोळ. "हुआंगपू प्राचीन बंदर" अशी पाटी असलेलं जे गाव आहे ते आजच्या हुआंगपू जिल्ह्यात नाहीच, ते हायझू जिल्ह्यात आहे. तुमच्या प्रदर्शनाच्या पाझोऊपासून अगदी जवळ. मेट्रोच्या लाइन ८ चं शेवटचं स्टेशन वानशेंगवेई, तिथून टॅक्सी. जिल्हा हुआंगपू त्याच्या पूर्वेला, नदीच्या खालच्या अंगाला.

राणे (ए-१०१): म्हणजे बंदर एका जिल्ह्यात आणि नाव दुसऱ्याला? आपल्याकडे पण असंच असतं म्हणा.

जोशी काका (बी-२०२): बंदर म्हणजे एक धक्का नव्हता हो. नांगर टाकायचा लांबलचक पट्टा होता, गाव आणि बेटं यांच्यामधला. मोठी जहाजं शहरापर्यंत जाऊच शकत नसत, पाणी कमी. १७५७ ते १८४२ युरोपीय व्यापाराला कँटन, म्हणजे आजचं ग्वांगझू, एवढंच बंदर मोकळं होतं. क्रम असा: मकाऊला परवाना आणि वाटाड्या घ्यायचा, हुमेनच्या किल्ल्यांपाशी तपासणी, मग वाळूचे दोन उथळ पट्टे. ते भरती साधूनच ओलांडायचे. वाटाड्या सांपान, म्हणजे लहान होड्या, भाड्याने घेऊन उथळ जागेच्या दोन्ही बाजूंना उभे करायचा, जहाज मधून काढायचं. भरती चुकली की थांबा पुढच्या भरतीपर्यंत.

जोशी काका (बी-२०२): हुआंगपूला आल्यावर मोजणी. जकातीचा मोठा अधिकारी जातीने यायचा. लांबी मागच्या डोलकाठीपासून पुढच्या डोलकाठीपर्यंत, रुंदी मधल्या डोलकाठीपाशी, गुणाकार करून दहाने भागायचा, त्यावर बंदरपट्टी. म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतची पूर्ण लांबी धरतच नसत. मग कापसाच्या गाठी पडावांत उतरवून सुमारे २० किमी वर कँटनच्या वखारींकडे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर यायचं, चहा भरून ईशान्य वाऱ्यावर परत.

फडके वहिनी (सी-३०४): आणि अफू? पारशी शेठ लोकांचा पैसा त्यातलाच ना?

जोशी काका (बी-२०२): कापूस आणि अफू दोन्ही. जमशेटजी जीजीभाईंनी चीनच्या फेऱ्या केल्या त्या दोन्हींच्या जोरावर, ते झाकण्यात अर्थ नाही. पण हुआंगपूत अफू उतरायची असं जे सगळीकडे फिरतं ते १८२१ नंतरचं तरी चूक आहे. जहाजावर अफू नाही अशी हमी चिनी जामीनदार व्यापाऱ्याला द्यावी लागे, सापडली तर तोच अडकायचा. १८२१ ला सरकारने हे घट्ट धरलं, तेव्हा अफू खाली, नदीच्या मुखाशी, लिनतिन बेटापाशी उभ्या केलेल्या जहाजांवर उतरवायला लागले. माळव्याची अफू मुंबईहून थेट तिथे. उरलेला कायदेशीर माल घेऊन जहाज वर हुआंगपूला, हात झटकून.

सचिन (ए-४०३): काका जबरदस्त 🙏 पण आज बघायला काय उरलंय?

मेघना (सी-७०१): माझं मत: सुरुवात नानहाई देवाच्या, म्हणजे दक्षिण समुद्रदेवाच्या मंदिरापासून करा. प्राचीन बंदराच्या गल्लीत दुकानं जास्त आहेत. रस्ता: पाझोऊहून लाइन ८ ने वानशेंगवेई, तिथे लाइन ४ घेऊन चेबेई नान, मग लाइन ५ ने तिसरं स्टेशन युझू. युझूला लाइन १३, परत तिसरं स्टेशन, नाव मंदिराचंच: नानहाई शेनम्याव. तीनदा गाडी बदलायची आहे, घाई असेल तर सरळ टॅक्सी.

राणे (ए-१०१): मंदिर किती जुनं?

जोशी काका (बी-२०२): इ.स. ५९४, सुई राजवट. इमारती नंतरच्या आहेत, पुन्हा पुन्हा बांधलेल्या. आत ८२० सालचा शिलालेख आहे, मजकूर हान यू या तांग काळातल्या लेखकाचा. घाई करू नका तिथे. समुद्रावर जाणारा प्रत्येक जण इथे नवस बोलून निघायचा. आता पाणी लांब सरकलंय, नदीने गाळ आणून किनारा भरला. म्हणून दारासमोर उत्खननात निघालेला जुना धक्का बघाच, नाहीतर समुद्रदेव जमिनीवर का बसलाय ते कळत नाही.

मेघना (सी-७०१): आणि फणसाची झाडं! दंतकथा अशी की भारतातून आलेल्या एका माणसाने, तिथे त्याला दाशी म्हणतात, फणसाच्या बिया लावल्या. लावता लावता उशीर झाला, गलबत त्याला सोडून गेलं. तो किनाऱ्यावर उभा राहून वाट बघत राहिला आणि तिथेच मेला. त्याची मूर्ती आहे, चिनी दरबारी पोशाखात, एक हात कपाळाशी, उन्हात लांबचं बघताना धरतो तसा. चेहरा गडद रंगवलेला. गर्दी मुख्य देवाकडे असते, ही मूर्ती बाजूला आहे, शोधून बघा.

फडके वहिनी (सी-३०४): अरे देवा. फणसापायी गलबत चुकलं? कोकणातलाच असणार 😂

जोशी काका (बी-२०२): 😄 दंतकथा आहे वहिनी, मंदिर त्या गोष्टीहून जुनं.

फडके वहिनी (सी-३०४): तिथे जत्रा पण असते ना? कागदाची कोंबडी मिळते म्हणे.

मेघना (सी-७०१): असते, चिनी दुसऱ्या महिन्याच्या ११ ते १३ तारखेला. त्यांचा महिनाही अमावास्येपासून, म्हणून बहुतेक वर्षी ती आपली फाल्गुन शुद्ध एकादशी ते त्रयोदशी, होळीच्या तोंडावर. २०२६ ला त्यांचा दुसरा महिना पाडव्यालाच सुरू होतो, त्यामुळे तेव्हा चैत्रात. एप्रिलच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपुढे ही जत्रा कधीच जात नाही आणि फेअर १५ ला, त्यामुळे सचिन, जत्रा विसरा. कोंबडी मातीच्या साच्यावर कागदाचे थर चिकटवून करतात, वाळल्यावर साचा काढतात, रंगवतात, वरून पिसं लावतात. दरवर्षी त्यातली एक खरोखर आरवते अशी समजूत. आतून पोकळ असते, चेक-इन बॅगेत टाकलीत तर चपटी होऊन येईल.

सचिन (ए-४०३): उरलेला अर्धा दिवस?

मेघना (सी-७०१): छांगझोऊ बेट. युझूच्या धक्क्यावरून फेरीबोट आहे, सैनिकी अकादमीच्या धक्क्याला लागते. लाइन ७ चं छांगझोऊ स्टेशनही आहे, पण बोटीने जा, नांगर टाकायचा पट्टा पाण्यावरूनच कळतो. अकादमीचं संग्रहालय सोमवारी बंद! फेअरवाले नेमके सोमवारी जातात. पासपोर्ट मूळ हवा, झेरॉक्स चालत नाही असं धरून चला.

जोशी काका (बी-२०२): अकादमी १६ जून १९२४ ला सुरू झाली. सन यत-सेन यांनी काढली, प्रमुख च्यांग कै-शेक, राजकीय विभागात चौ एन-लाय. पुढे एकमेकांशी लढलेल्या राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट अशा दोन्ही पक्षांचे सेनानी इथलेच. मूळ इमारत १९३८ च्या जपानी बॉम्बफेकीत गेली, आज दिसते ती १९९६ ची, त्याच जागी. याच बेटावर पारशी दफनभूमी आहे. तिथे दखमा, म्हणजे पारशांचा मृतदेह ठेवायचा मनोरा, नव्हती, म्हणून दफन. ती उघडी पर्यटनाची जागा नाही. जायचं असेल तर ग्वांगझूच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला आधी विचारा, थेट टेकडी चढू नका.

मेघना (सी-७०१): मॅपचं शेवटचं. गूगल मॅपवर चीनमध्ये रस्ते आणि उपग्रहचित्र जुळत नाहीत, काही शे मीटर सरकलेले असतात. गाओद हे चिनी नकाशाचं ॲप इथूनच टाकून घ्या, पैसे द्यायला अलीपे ॲपला कार्ड जोडा. ठिकाणांची नावं चिनी अक्षरांत फोनमध्ये ठेवा, टॅक्सीवाल्याला दाखवायला. मी आज रात्री तिन्हींचे स्क्रीनशॉट टाकते.

सचिन (ए-४०३): टाका मॅडम. आणि शाकाहारी?

मेघना (सी-७०१): बेटावर भरवसा नाही. ठेपले न्या.