सहा जहाजं उडवली म्हणून पिक्चर चांगला होतो का?

डिचोलीकर
काल बंदरवाला यांनी इथे लिहिलं की 'पर्ल हार्बर' (हवाईतल्या अमेरिकन बंदरावरच्या जपानी हल्ल्याचा पिक्चर) याचं मेकिंग बघून अंगावर काटा आला, सगळं खरं उडवलंय, कॉम्प्युटरची भानगड नाही, आणि शेवटी "ह्याला म्हणतात सिनेमा, आपल्या लोकांना सात जन्मात जमणार नाही". ते शेवटचं वाक्य डोक्यात गेलं म्हणून हे लांबण, नाहीतर मी गप्प बसणार होतो.

मेकिंग मीही बघितलंय. अमेरिकन नौदलाची रिटायर झालेली जहाजं घेतली, महिनाभराहून जास्त खपून त्यांवर सुरुंग लावले, डझनभर कॅमेरे रोखले, एका दमात सहा जहाजं, सगळा स्फोट सात सेकंदांत. मान्य. मेक्सिकोत रोझारितोला टायटॅनिकसाठी बांधलेली टाकी होती तिच्यात ओक्लाहोमा युद्धनौकेचा सेट उलटा केला, तेही मान्य. १४ कोटी डॉलर खर्च, दिग्दर्शकाला तर २० कोटींच्या वर हवे होते. आणि एवढं करून गोष्ट काय तर दोन मित्र, एक नर्स, पहिला मेला असं समजून ती दुसऱ्याच्या गळ्यात, मग पहिला जिवंत परत. अहो, हे आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात दुसऱ्या अंकात उरकतं आणि लोक चहा प्यायला उठतात! इथे १८३ मिनिटं, आणि पहिला बॉम्ब पडायला दीड तास.

बरं "सगळं खरं" हेही खरं नाही. हल्ल्याच्या दिवशी जपानची ३५३ विमानं आली होती, तेवढी कुठून आणणार, मूठभर खरी उडवली, बाकी आकाश कॉम्प्युटरनेच भरलंय. आणि जपानची झीरो लढाऊ विमानं हिरवी रंगवलीत, १९४१ च्या डिसेंबरात ती फिकट करड्या रंगाची होती. १४ कोटीत रंगाचा एक डबा बरोबर आणता आला नाही?

बंदरवाला
डिचोलीकर, मी गोष्टीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. परत वाचा. मेकिंगबद्दल लिहिलं होतं.

मी मुरगाव बंदरात २८ वर्षं काढली, त्यातली बहुतेक रिगिंगमध्ये, म्हणजे जड माल तारांनी बांधून उचलायच्या कामात. एक जड नग उचलायचा तर क्रेन दहा मिनिटं चालते पण तयारी सकाळपासून, प्रत्येक शॅकलची (तारा जोडणाऱ्या लोखंडी कडीची) पिन हाताने फिरवून बघायची, स्लिंगला (माल बांधायच्या दोराला) एक तार जरी तुटलेली दिसली तरी बाजूला टाकायची, आणि हाताने इशारा करणारा माणूस एकच, दुसऱ्याने हात वर केला तर शिव्या. एकदा घाईत पिन न बघता लोड घेतला आणि तो फूटभर वर जाऊन तिरका झाला, खाली माझाच मदतनीस उभा होता. वाचला. मला अजून स्वप्नात ती पिन दिसते. म्हणून मी त्या मेकिंगमध्ये हिरो हिरॉईन बघतच नाही, मागे हेल्मेट घालून तारा ओढणारी माणसं बघतो. उलटणाऱ्या जहाजाच्या सेटवर माणसं घसरतायत, खाली पाणी, आणि कुणी मरत नाही. हे कसं केलं याचं कौतुक करायला मला तुमची परवानगी लागते का?

पेडणेकर ७२
अख्ख्या पिक्चरला ऑस्कर मिळालं ते एक, साउंड एडिटिंगचं. म्हणजे ज्युरीचंही मत हेच की डोळे मिटून बघा 😀

डिचोलीकर
@बंदरवाला परवानगी कशाला, "सात जन्मात जमणार नाही" हे तुम्हीच लिहिलंत ना? माझा राग तेवढ्यावर आहे. आमच्या जत्रेत मी पंधरा वर्षं लाइट आणि इफेक्टचं बघतो. शिवाजी महाराजांच्या नाटकात तोफ उडवायची तर सुतळी बॉम्ब रिकाम्या पत्र्याच्या डब्यात, आणि धूर म्हणून निखाऱ्यावर धूप. ड्रेपरीवाला मावळ्यांचे नऊ अंगरखे देतो, मावळे अठरा, मग पहिले नऊ आत जाऊन कपडे काढून देईपर्यंत औरंगजेब भाषण वाढवतो. तरी पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या रडतात. का रडतात ते त्या १४ कोटीवाल्यांना विचारा.

मुरगावची चेडू
दोघेही भांडताय आणि दोघांनाही घरातलं दिसत नाही. बंदरवाला तर खास, तुमच्याच बंदरात खरं घडलंय हो!

९ मार्च १९४३ ची रात्र. मुरगावात जर्मन जहाजं १९३९ पासून आश्रयाला उभी, कारण पोर्तुगाल तटस्थ. त्यातल्या एरेनफेल्सवरून चोरून वायरलेसवर पाणबुड्यांना बातम्या जातात म्हणून इंग्रजांना ती बंद करायची, पण तटस्थ बंदरात फौज पाठवता येत नाही. मग पाठवले कोण तर कलकत्ता लाइट हॉर्सचे चाळिशी-पन्नाशीचे हौशी घोडेस्वार, एरवी कचेऱ्या आणि व्यापार सांभाळणारे. फीबी नावाचा एक बार्ज (मालवाहू बोट) कलकत्त्याहून अख्ख्या किनाऱ्याला वळसा घालून आणला, हे गृहस्थ कोचीनपर्यंत आगगाडीने आले आणि तिथे बार्जवर चढले. खलाशी जहाजावर कमी असावेत म्हणून त्या रात्री गावात पार्ट्या ठेवल्या होत्या. गोष्ट पुढे ३५ वर्षं दाबून ठेवली. आणि हल्ला होताच जर्मनांनी स्वतःच आपली जहाजं बुडवली, शेजारच्या इटालियन जहाजवाल्यांनीही तेच केलं!

त्यावर १९८० साली 'द सी वूल्व्हज' आला, ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन, शूटिंग गोव्यात. आपल्यातल्या किती जणांनी बघितलाय? सगळे हवाईचं कौतुक करतात.

पेडणेकर ७२
बघितलाय. तिथेही रॉजर मूरला एक गुप्तहेर बाई चिकटवलीच. पन्नाशीच्या माणसांची लढाई नुसती दाखवली असती तर बिघडलं असतं का? युद्धात प्रेम घातल्याशिवाय या लोकांना तिकीट विकता येत नाही.

डिचोलीकर
हेच! हेच मी म्हणतोय!

दिवाडची सून
तुम्हा सगळ्यांचं मेकिंगप्रेम वाचून हसू येतंय. आमच्या घरात झालंय शूटिंग. कुठलं ते सांगत नाही, जुन्या काळचं, लढाईचं आणि प्रेमाचंच होतं. मेकिंगमध्ये हे कधी येत नाही म्हणून मी सांगते.

तीन दिवस म्हणून आले, अकरा दिवस राहिले. "ऑथेंटिक घर आहे, काही बदलणार नाही" म्हणाले. पहिल्याच सकाळी बलकांवचा (दारापुढच्या ओसरीचा) रंग बदलला, का तर कॅमेऱ्यात पिवळा फार पिवळा दिसतो. दुसऱ्या दिवशी सालातल्या (दिवाणखान्यातल्या) खिडकीची शिंपल्यांची तावदानं काढली, चौदा, कारण हिरॉईनच्या तोंडावर उजेड पुरत नव्हता. त्या जागी काच. शिंपले कुठे ठेवले विचारलं तर एक पोरगा म्हणाला जपून ठेवलेत मॅडम. गोणपाटात भरून विहिरीजवळ ठेवले होते, वर जनरेटरच्या केबलचं वेटोळं. अकराव्या दिवशी गोणपाट हलवलं तेव्हा आतून आवाज आला, पापड मोडल्यासारखा. माझे सासरे तिथेच उभे होते. काही बोलले नाहीत, आत गेले. ती तावदानं त्यांच्या आजोबांनी बसवली होती.

पेडणेकर ७२
वाईट झालं, पण वहिनी, पैसे घेतलेत ना? कागदावर सही केलीत ना? नुकसानभरपाईचं कलम बघायचं. पैसे घेताना गोड आणि मग रडारड, हे आपल्याकडे फार. माझा मित्र दोन बंगले भाड्याने देतो शूटिंगला, त्याचं कधी काही बिघडलं नाही.

दिवाडची सून
कागद इंग्रजीत. सासरे पोर्तुगीज शाळेत शिकलेले, घरात मराठी वाचतात. मी कामावर, नवरा बोटीवर. सही त्यांनी केली कारण समोरचा माणूस पाया पडला. तुमच्या मित्राच्या बंगल्याला शंभर वर्षं झालीत का? सिमेंटचा असणार. रडारड म्हणताना जरा जीभ आवरा, तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस नाही का?

पेडणेकर ७२
मी एक प्रॅक्टिकल गोष्ट सांगितली. लगेच घरच्यांवर कशाला जाता?

बार्देसकार
जातील नाहीतर काय, तुम्ही बोललातच तसं. माझ्या भावाला पोर्तुगीज शिपाई म्हणून उभा केला होता, गोरा दिसतो म्हणून. मे महिना, लोकरीचा कोट, सहा तास. माणसं आणणाऱ्या दलालाने आपला हिस्सा कापून जे हातात दिलं त्यात पेट्रोलही सुटलं नाही. पिक्चर आला तेव्हा आम्ही सगळे नात्यातले मिळून गेलो, तर त्याची फक्त टोपी दिसते, तीही फोकसबाहेर. मावशी म्हणते टोपी चांगली दिसलीस रे.

मुरगावची चेडू
😂😂 मी मुरगावबद्दल लिहिलं होतं त्याचं काय झालं?

डिचोलीकर
वाहून गेलं बाई. एरेनफेल्ससारखं.

पण एक सांगतो, पर्ल हार्बरवाल्यांवर माझा खरा आक्षेप गोष्टीपेक्षा हा आहे. त्यांनी स्फोट केले ते त्याच बंदरात. तिथे पाण्याखाली हल्ल्यात बुडालेली अॅरिझोना युद्धनौका आहे, तिच्यावरची ११७७ माणसं गेली, त्यातली कितीतरी अजून आत आहेत. त्यांच्या डोक्यावर खोटी आग लावायची आणि मग तिथेच विमानवाहू जहाजावर ५० लाख डॉलरचा प्रीमियर. वहिनींच्या शिंपल्यांचं वाचून मला तेच आठवलं.

बंदरवाला
त्या प्रीमियरला हल्ल्यातून वाचलेले म्हातारे सैनिक होते. त्यांना चाललं तर तुम्ही डिचोलीत बसून कशाला दुःख करताय? (पण बंदरात स्फोट करताना मीही दोनदा विचार केला असता. एवढं मान्य. जास्त ताणू नका.)

आणि "सात जन्मात" हे वाक्य मागे घेतो, औरंगजेबाच्या भाषणाखातर. पुढच्या जत्रेला बोलवा, तुमचा डबा आणि सुतळी बॉम्ब बघायचाय. सेफ्टीच्या दृष्टीने.

डिचोलीकर
या. पण स्टेजमागे हात वर करायचा नाही, इशारा फक्त मी देतो.

बंदरवाला
@दिवाडची सून, तावदानांचं काय केलंत शेवटी? काचच आहे का अजून?

दिवाडची सून
काचच आहे. दुपारी ऊन सरळ आत येतं, सासरे खुर्ची सरकवत सरकवत भिंतीला लागलेत. नवीन शिंपले कोण देणार, विचारून थकले.

बंदरवाला
माझ्या काकांचं जुनं घर पाडलं तेव्हा खिडक्या अख्ख्या काढून मांगरात (शेतातल्या खोपटात) ठेवल्यात. वाळवी चौकटीला लागलीय, शिंपले चांगले आहेत. पण आमचे थोडे मोठे असतील, कडा घासाव्या लागतील, त्याला हात हलका पाहिजे. तुमच्या खाचेची रुंदी किती?

दिवाडची सून
घरी गेल्यावर मोजून सांगते. साडेसहाची फेरीबोट मिळाली तर आजच.