चार-सहा दिवसांनी परतल्यावर घर लगेच चालतं व्हायला हवं: फ्रिज चालू ठेवून जावं की बंद करून?

माजघर (धागा)

आठवड्याच्या आतल्या प्रवासाला निघताना मेन स्विच पाडून कुलूप लावायची पद्धत अनेक घरांत आहे. माझ्या मते या सवयीने परतीच्या रात्रीचं वाटोळं होतं. रात्री दहाला दार उघडायचं आणि समोर गरम फ्रिज, कुबट वास, दूध नाही, विरजण नाही. मग जेवण बाहेरून मागवा.

वाचतं काय? २५० लिटरच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या लेबलवर वर्षाला साधारण २०० ते २५० युनिट लिहिलेले असतात. पाच दिवसांचे तीन-साडेतीन झाले. दार उघडलं जात नाही, तेव्हा प्रत्यक्षात कमीच.

उघडं दूध, शिजवलेला भात, भिजवलेल्या डाळी, इडलीचं पीठ, चिरलेली भाजी, कोथिंबीर हे सगळं निघण्याआधी संपवा किंवा काढा. टोमॅटो, गाजर, लिंबं, कोरड्या फडक्यात गुंडाळलेलं आलं राहू द्या. फ्रीझरमध्ये खवलेला नारळ, मटार आणि झाकणाच्या छोट्या डबीत दोन चमचे विरजण. मुगाची डाळ-तांदूळ एकत्र मोजून डब्यात भरून ठेवले की आल्यावर अर्ध्या तासात खिचडी होते.

फेज_न्यूट्रल

असहमत. तुमचा हिशेब वीज अखंड राहील असं धरून केलेला आहे. पावसाळ्यात कोकणात चला, किंवा पुण्यात गुरुवारची दुरुस्ती आठवा. दार बंद असलं तरी खालचा कप्पा वीज गेल्यावर चारेक तासच थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. तुम्ही परत याल तेव्हा वीज आलेली असेल, सगळं पुन्हा गार झालेलं असेल, आणि मधे काय झालं ते कळणार नाही.

दुसरं, घरात आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर गळती कुठेही होवो, बाल्कनीतल्या ओल्या प्लगमध्ये झाली तरी, तो सगळं घर पाडतो. तो आपोआप परत चढत नाही. म्हणजे दुसऱ्याच दिवशी फ्रिज बंद, आणि आत तुमचे मटार.

माजघर

ओळखायची सोपी युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवा, बर्फावर रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. नाणं वर असेल तर फ्रीझर वितळला नव्हता. तळाशी असेल तर सगळं वितळून पुन्हा गोठलंय, टाकून द्या. सुट्या मटारांचा एक गोळा झाला असेल तर तीच खूण. आरसीसीबीचा मुद्दा मान्य, पण त्यावर उपाय बाकीचे एमसीबी (बोर्डावरचे प्रत्येक सर्किटचे छोटे स्विच) पाडणं हा आहे. फक्त फ्रिजचा चढा ठेवा. तो स्वयंपाकघराच्या सर्किटवर असेल, तर मिक्सर, ओव्हन आणि प्युरिफायरचे प्लग काढा.

फेज_न्यूट्रल

नाणं फ्रीझरचं सांगतं, खालच्या कप्प्याचं नाही. सहा तास वीज गेली तर नाणं वरच राहील आणि खाली राहिलेली आमटी बिघडलेली असेल.

शिवाय एमसीबी पाडले तरी पुरवठ्याची न्यूट्रल तार तुटली तर वाढीव व्होल्टेज येतं, ते चढ्या ठेवलेल्या फ्रिजलाच लागतं. चालू ठेवायचाच असेल तर जास्त व्होल्टेजला तोडणारा आणि तीन मिनिटं थांबून जोडणारा स्टॅबिलायझर लावा. जुन्या कॉम्प्रेसरला वीज गेल्या-गेल्या परत सुरू होणं झेपत नाही, आतला दाब उतरायला वेळ लागतो.

आणि मेन पाडणाऱ्यांसाठी एक सूचना: इन्व्हर्टरही बंद करा. नाहीतर त्याला वाटतं वीज गेली, आणि राउटरचा दिवा पेटता ठेवण्यात बॅटरी पूर्ण उतरते. लेड-ॲसिड बॅटरी अशी उतरून पडली की आयुष्य घटतं. बंद ठेवली तर आठवड्यात काही होत नाही.

ओटा_आणि_कट्टा

आमटी खाली ठेवायचीच कशाला? मूळ धाग्यातच शिजवलेलं काढा म्हटलंय. फक्त एक भर: परतल्यावर "खळखळून उकळलं की झालं" असं म्हणत शिळा भात वापरू नका. भातात काही जिवाणू जे विष तयार करतात ते उकळूनही जात नाही.

विरजणावरून एवढी काळजी नको. कोपऱ्यावरच्या दुकानातलं साधं, बिनस्वादाचं दही चमचाभर घेतलं तरी लागतं.

कोरडा_दिवस

दोघंही एक गोष्ट विसरताय. फ्रिज बंद केलात तर मागचा, कॉम्प्रेसरवरचा ट्रे रिकामा करा. फ्रिज चालू असताना कॉम्प्रेसरच्या उष्णतेने त्यातलं पाणी उडून जातं. बंद केल्यावर बर्फ वितळून तो भरतो, आणि उष्णता नसते. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस घेतो, आणि ट्रे त्याला पुरतो.

तेच पिंपाचं. दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात लोक निघताना पिंप भरून ठेवतात, परतल्यावर पाणी हवं म्हणून. घट्ट झाकण नसेल तर फडकं ताणून बांधा. आल्यावर पाणी ओतून नुसतं पुन्हा भरू नका, कडा घासा: अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी महिनोन्महिने टिकतात. विदर्भातल्या मंडळींनी कूलरची टाकीही उपसूनच निघावं.

गवाक्ष

बंद करायचाच तर तो नीट करा. घाईत नुसता प्लग काढून दार लावून घेतात, त्यामुळे बुरशी येते. आदल्या रात्री रिकामा करून बंद करा. जुन्या पद्धतीच्या डायरेक्ट-कूल फ्रिजला बर्फ वितळायला रात्र लागते. सुरीने खरवडू नका, पत्र्याला भोक पडून गॅस गेला की दुरुस्ती महाग पडते. लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून आत पुसा, रबराच्या घड्यांसकट. कोरडं करून दारात टॉवेलची गुंडाळी अडकवा म्हणजे ते उघडं राहील. परतल्यावर रिकामा फ्रिज गार व्हायला तीन-चार तास लागतात, तेव्हा दूध तोवर गरम करून झाकून ठेवा.

हे सगळं निघायच्या आदल्या रात्री कोणाच्या वाट्याला येतं, हेही धाग्यात लिहा कोणीतरी. बॅगा भरणाऱ्याच बाईच्या. म्हणून मी माजघर यांच्या बाजूने.

फेज_न्यूट्रल

तो मुद्दा रास्त. पण फ्रिज चालू ठेवण्याचा फायदा शेवटी चार टोमॅटो आणि एक डबी विरजणाचाच ना?

माजघर

आणि बंद करण्याचा? तीन युनिटांचाच.

कोरडा_दिवस

फ्रिजवर भांडता-भांडता गॅस राहिला. निघताना रेग्युलेटर बंद. परतल्यावर वास आला तर दिव्याचं किंवा एक्झॉस्टचं बटण आधी दाबू नका, चालू असलेलंही बंद करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत बसतो. दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.